हजारावा कणा

आमच्या नारीन शहराच्या इस्पितळात माणसाला काय झालंय हे विचारण्याआधी त्याला किती मिनिटं लागली हे विचारतात. एमआरआयच्या खोलीबाहेर लाल आकड्यांची पाटी आहे. बसथांब्यावर अशी पाटी लावा म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं अर्ज केले, तिथं नाही लागली, इथं लागली. आत गेलेल्या माणसाची मिनिटं तिच्यावर पळत असतात आणि खाली सरासरी. पूर्वी कमरेच्या एका तपासणीला सव्वीस मिनिटं लागायची, आता सात. वाचलेल्या एकोणीस मिनिटांत आम्ही रुग्णाशी दोन शब्द बोलत असू, असं कुणाला वाटत असेल तर त्याचं मन मोठं आहे. आम्ही पुढचा माणूस आत सरकवतो.

मी सैकाल. यंत्र चालवते, म्हणजे चालवायचे. बावीस वर्षं एक्स-रे केले, सहा वर्षं एमआरआय. मार्चमध्ये नवी स्वयंचलित पद्धत आली आणि माझ्या अठ्ठावीस वर्षांचं एक हिरवं बटण झालं. ते दाबलं की यंत्र स्वतः कणा शोधतं, स्वतः आडवे-उभे काप आखतं, थोडकं मोजून उरलेलं चित्र स्वतःच्या अकलेनं भरून काढतं आणि प्रत्येक मणक्यावर आकडाही स्वतःच टाकतं. खोटं कशाला बोलू, चित्रं सुरेख येतात. पाठ दुखणाऱ्या माणसानं सव्वीस मिनिटं निपचित पडायचं ही शिक्षाच होती. विसाव्या मिनिटाला तो हलायचा आणि सगळं मुसळ केरात. आता हलायला वेळच मिळत नाही. यंत्राशी माझं भांडण नाही. माझं भांडण त्याच्या भक्तांशी आहे.

मुख्य भक्त म्हणजे आमचे मुख्य डॉक्टर, तालांत ओस्मोनोविच. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, त्यामुळे मला एजे म्हणतात, म्हणजे ताई. आणि ताईचं ऐकायचं नाही हा धाकट्या भावांचा जगभरचा हक्क ते बजावतात. पूर्वी आम्ही सगळ्यात आधी मानेपासून खालपर्यंत एक ढोबळ चित्र घ्यायचो. पन्नास सेकंदांचं. त्याचं काम एकच, मणके वरून मोजायचे: मानेचे सात, बरगड्यांचे बारा, कमरेचे पाच. तालांत ओस्मोनोविचनी ते पहिल्याच आठवड्यात उडवलं.

"सैकाल एजे, दुखतेय कंबर आणि तुम्ही फोटो काढताय मानेचा? दात दुखायला लागला तर टाच तपासणार का?"

सगळे हसले. मीही हसले. हे मी आत्ताच कबूल करून ठेवते.

तेव्हापासून यंत्र फक्त कंबर बघतं आणि खालून वर मोजतं. माकडहाडाच्या वरची पाचर सापडली की तिच्यावरचा मणका पाचवा, त्याच्यावरचा चौथा, असं करत पहिल्यापर्यंत. कमरेत पाच मणके असतात हे पुस्तकात लिहिलंय, आणि यंत्रानं पुस्तक वाचलंय. हातानं एखादं जास्तीचं चित्र घ्यायचं तर मुख्य डॉक्टरांचा परवलीचा शब्द लागतो. तो त्यांच्या डोक्यात असतो, आणि डोकं बहुतेक बैठकीत असतं.

आता बुर्मा एजेंबद्दल सांगते. आमच्या दारात कोट ठेवून घ्यायला आणि बुटांवर घालायच्या निळ्या पिशव्या द्यायला त्या बसतात. एप्रिलमध्ये त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं. नव्या पद्धतीतल्या पहिल्या पन्नास रुग्णांत त्यांचं नाव होतं, त्याचं पेढे वाटावेत इतकं कौतुक झालं. ऑपरेशननंतरही त्या उजवा पाय ओढतच होत्या. "तिथंच दुखतं गं, अगदी तिथंच," म्हणायच्या. इस्पितळाचं निदान झालेलं होतं: म्हातारीला बसून पगार हवाय. मीसुद्धा त्यांना म्हटलं होतं, "एजे, वय झालं आता. थोडा धीर धरा." त्यांनी माझा कोट खुंटीला अडकवला.

सप्टेंबरात नऊशे नव्याण्णव रुग्ण झाले. हजाराव्याला मानपत्र, पाटीखाली फोटो, आणि गुरुवारी मेंढी कापून मेजवानी असं ठरलं. मेजवानीला थेट राजधानीतून, बिश्केकहून, मंत्रालयातले तोकोन असानोविच येणार होते. हजारावी कोण असावी तेही ठरलं होतं: शहरातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. फोटोत छान दिसल्या असत्या. पण मंगळवारी सकाळी नोंदणीच्या खिडकीतल्या मुलीनं कागदावर 'डॉक्टुर' एवढी अक्षरं वाचली आणि त्या माणसाला कर्मचाऱ्यांच्या दारानं पुढं घातलं.

तो डॉक्टर नव्हता. त्याचं नाव डॉक्टुरबेक होतं. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी त्याची आई अडली होती, तिला ज्या डॉक्टरनं सोडवलं त्याच्यावर आजोबा इतके खूश झाले की नातवाला नावच ते दिलं. आमच्याकडं अशी नावं ठेवतात. माझ्या वर्गात एक ट्रॅक्टर होता. डॉक्टुरबेक बिश्केकच्या रस्त्यावर बस चालवतो, दोलोनच्या घाटातून. आणि गावातल्या निम्म्या मेजवान्यांना मेंढी कापून हाडं वाटायला त्यालाच बोलावतात.

"काय होतंय?" मी विचारलं.

"डावा पाय, एजे. क्लचवर ठेवतो. पण ठेवलाय की नाही, ते वाकून बघावं लागतं. मग रस्ता कोण बघणार, तुम्ही?"

मागं तालांत ओस्मोनोविच कॅमेरेवाल्याला घेऊन उभे. मी बटण दाबलं. सहा मिनिटं नऊ सेकंद! आजवरचा विक्रम. टाळ्या वाजल्या. डॉक्टुरबेकला अर्ध्या पायजम्यावर मानपत्र मिळालं. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती सरकून शीर दाबत होती. आमचे सर्जन मेदेर बाइके, म्हणजे मेदेरदादा, म्हणाले, याच आठवड्यात मोकळी केली तर पाय परत येईल, नाहीतर पाऊल असंच लोंबत राहील. ऑपरेशन शुक्रवारी सकाळी नऊला ठरलं.

गुरुवारी दहा वाजता मी चहाला इस्पितळाच्या स्वयंपाकघरात गेले, तर डॉक्टुरबेक रुग्णाचा झगा घालून तिवईवर बसलेला आणि पुढं मेंढी.

"अहो, उद्या ऑपरेशन ना तुमचं?"

"मेंढी माझ्या नावाची आणि कापणार दुसरा? लोक थुंकतील तोंडावर." त्याची बोटं मेंढीच्या कण्यावरून खाली सरकत होती. मध्येच थांबून तो हसला. "ही बया सातांची निघाली की!"

"सात काय?"

"कमरेचे मणके. बहुतेकींना सहा असतात, एखादीला सात. शेपटीकडून सहा मोजून सुरी घातली असती, तर कमरेचं एक हाड बरगड्यांच्या वाट्यात गेलं असतं. मग बसा भांडत."

"मग तुम्ही कुठून मोजता?"

"वरून. बरगडीपासून खाली. शेपटीकडून मोजणाऱ्याला आमच्याकडं कुणी मुलगी देत नाही, एजे."

चहा तिथंच ठेवून मी खोलीत आले आणि त्याचं चित्र उघडलं. खालून पाच मणके, पाचांवर पाच नीटनेटके आकडे. सगळ्यात वर, चित्राच्या कडेला, अर्धा कापलेला एक मणका, बिनआकड्याचा. तो बरगड्यांचा शेवटचा की कमरेचा जास्तीचा? बरगड्या चित्रात नव्हत्याच. पन्नास सेकंदांत त्या आल्या असत्या.

मी मेदेर बाइकेंकडं गेले. ते दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते आणि तोवर कुणाशी वाकडं नको म्हणून सगळ्यांना हो म्हणत होते.

"बाइके, ऑपरेशनला तुम्ही मणके कुठून मोजता?"

"शेवटच्या बरगडीपासून खाली. तीस वर्षं झाली. का?"

"यंत्र खालून वर मोजतं."

"मग काय झालं? पाचच तर आहेत. इकडून काय आणि तिकडून काय."

"आणि सहा असले तर?"

त्यांनी चष्मा काढला. सहा असले तर यंत्राचा चौथा म्हणजे त्यांचा पाचवा. कागदावर चौथा-पाचवा लिहिलाय म्हणून ते एक हाड वर उघडणार, तिथली धडधाकट चकती उकरणार, आणि खरी शीर खाली तशीच दाबलेली राहणार.

"ऑपरेशनच्या खोलीतला एक्स-रे लावून बघा ना."

"तो आणि तुझा जुना, दोन्ही वसंतापासून बंद आहेत, सैकाल. दुरुस्तीला माणूस यायचाय. आणि नुसत्या बोटांनी सांग म्हणशील, तर मी ज्योतिषी नाही. तू मोजणीचं चित्र आण, मी त्याप्रमाणे खूण करतो."

म्हणजे घोडं परत तालांत ओस्मोनोविचपाशीच पेंड खाणार. ते आरशासमोर टाय बांधत होते.

"पन्नास सेकंद हवेत," मी म्हटलं.

"कुणासाठी?"

"डॉक्टुरबेकसाठी. त्याचे मणके मोजायचेत."

"यंत्रानं मोजलेत."

"खालून मोजलेत."

"एजे, सहा मिनिटं नऊ सेकंद हा आकडा मंत्रालयात गेलाय. मानपत्रावर लिहिलाय. आता परत त्याला आत घातलं तर काय होईल? सहा मिनिटं एकोणसाठ! सरासरीपेक्षा एक सेकंद चांगला, बस. असल्या आकड्यासाठी मेंढी कापतात का कुणी?"

"माणसाचा पाय जाईल."

"तुमच्या मनातली भीती गेली पाहिजे," ते म्हणाले. "नव्या गोष्टींची भीती वाटते, समजू शकतो. वय आहे."

बुर्मा एजेंना मी हेच म्हटलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. तेव्हा मला ते किती समंजस वाटलं होतं.

मी स्वयंपाकघरात परत गेले आणि डॉक्टुरबेकला सगळं सांगितलं. वाटलं, माणूस हबकेल. तो सुरी पुसत राहिला.

"सही करू नका, ऑपरेशन पुढं ढकला," मी म्हटलं.

"मेदेर बाइके म्हणालेत, हा आठवडा गेला तर पाय गेला. पुढं कुठं ढकलू?" मग जरा वेळानं म्हणाला, "जेवायला किती पानं आहेत?"

"बारा."

"तुम्ही बसणार?"

"मला कोण बसवतंय? मी वाढणार."

"आज बसा. अगदी दाराशी बसा. कुणी उठ म्हटलं तरी उठू नका."

एक वाजता सभागृहात दस्तरखान, म्हणजे जेवणाची लांब चादर, मांडलं. दारासमोरच्या भिंतीशी, मानाच्या जागी, तोकोन असानोविच. त्यांच्या शेजारी तालांत ओस्मोनोविच, मग मेदेर बाइके, मग मानानं उतरत उतरत सगळे दारापर्यंत. बारावी नोंदणीच्या खिडकीतली मुलगी. तिच्याही खाली मी टेकले. तालांत ओस्मोनोविचनी भुवई उडवली. मी कुमिसच्या, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या, वाटीत बघत बसले.

भाषणं झाली. मिनिटं, सेकंद, प्रगती, पुन्हा सेकंद. मग डॉक्टुरबेक डावा पाय ओढत परात घेऊन आला. आमच्याकडं मानाची हाडं बारा, आणि कुठलं हाड कुणाला यावर सोयरिकी मोडल्यात. सगळ्यात पहिलं जांबाश, कमरेखालचं मोठं हाड, सगळ्यात मोठ्या पाहुण्याला. वाटप नेहमी मानाच्या जागेपासून सुरू होतं. डॉक्टुरबेकनं दारापासून सुरू केलं.

बारावं हाड माझ्या ताटात. अकरावं खिडकीतल्या मुलीला. तो खालून वर चालला होता, भराभर, बसच्या तिकिटांसारखी हाडं देत. मेदेर बाइकेंना दुसरं मिळालं. जांबाश तालांत ओस्मोनोविचच्या ताटात पडलं. आणि परात संपली.

मंत्रालयाचं ताट रिकामं.

तालांत ओस्मोनोविच समोरच्या हाडाकडं असे बघत होते, जणू त्यांच्या ताटात कुणी त्यांच्याच बडतर्फीचा हुकूम वाढला होता.

"डॉक्टुरबेक! हे काय?"

"वाटप, साहेब. स्वयंचलित. तीन मिनिटांत उरकलं."

"अरे, पाहुणे राहिले!"

"कसे राहतील? दस्तरखानला बारा माणसं. खालून बारा मोजली, हाडं संपली."

"तेरा आहेत! डोळे फुटलेत का?"

"बाराच असतात. तुम्हीच यादी दिलीय."

"यादी घाल चुलीत! समोर माणसं बसलीयत ती मोज ना! आणि खालून कोण मोजतं? वरून मोज! वरून मोजायचं असतं हे शेंबड्या पोरालाही कळतं!"

डॉक्टुरबेकनं परात खाली ठेवली आणि झग्याला हात पुसले.

"तेच म्हणतोय, साहेब. उद्या माझी कंबर उघडणार आहात. ती पण वरून मोजा."

तोकोन असानोविचनी रिकाम्या ताटावरून मान वर केली. मंत्रालयातली माणसं फार काही समजून घेत नाहीत, पण रिकामं ताट त्यांना लगेच समजतं.

"म्हणजे याची मोजली नाहीये?" त्यांनी विचारलं.

तालांत ओस्मोनोविचनी माझ्याकडं बघितलं. मी वाटी खाली ठेवली.

"पन्नास सेकंद लागतात," मी म्हटलं.

"मोजणारच होतो," तालांत ओस्मोनोविच म्हणाले. "जेवण झाल्यावर. तसं ठरलंच होतं."

मग हाडं पुन्हा वाटली, वरून. जांबाश पाहुण्यांकडं गेलं, प्रत्येकाचं हाड एकेक जागा खाली सरकलं आणि बारावं खिडकीतल्या मुलीपाशी संपलं. माझ्या वाट्याला काहीच आलं नाही. इतक्या आनंदानं उपाशी मी आयुष्यात कधी राहिले नव्हते.

तीन वाजता डॉक्टुरबेक आत झोपला. तालांत ओस्मोनोविचनी आमच्याकडं पाठ करून परवलीचा शब्द टाकला. चित्र आलं. मी पडद्यावर बोट ठेवून मोठ्यानं मोजायला लागले. मानेचे सात. बरगड्यांचे बारा. मग कमरेचे: एक, दोन, तीन, चार, पाच.

आणि सहा.

मेदेर बाइके खुर्चीत बसले. "मी एक हाड वर उघडलं असतं," ते म्हणाले.

"हो."

"आणि तिथं काही नसतं."

तालांत ओस्मोनोविच खाकरले. "हजारात एखादा अपवाद निघायचाच."

"बाकीचे नऊशे नव्याण्णव वरून कुणी मोजले?" मी विचारलं. त्यांना तेवढ्यात पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडायचं आठवलं. जाताना परवलीचा शब्द काढायचं मात्र विसरले. की नाही विसरले, कोण जाणे. तेवढ्यापुरता मी त्यांना संशयाचा फायदा देते.

शुक्रवारी मेदेर बाइकेंनी नव्या खुणेवर ऑपरेशन केलं. संध्याकाळी डॉक्टुरबेकनं पांघरुणातून डावा अंगठा बाहेर काढून मला हलवून दाखवला. "क्लच!" म्हणाला. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

बाहेर पडताना बुर्मा एजेंनी माझा कोट काढून दिला. खुंटीपासून माझ्यापर्यंत चार पावलं. चारही पावलं उजवा पाय फरशीवर घासत आला. हा आवाज मी एप्रिलपासून रोज ऐकत होते. ऐकत होते आणि कोट घालत होते.

"एजे," मी म्हटलं, "उद्या सकाळी जरा आत या."

"परत कशाला गं? माझं तर सगळं चांगलं झालंय म्हणतात."

शनिवारी त्या आत झोपल्या. मी बटणाला हात लावला नाही. सगळं हातानं आखलं, जुन्या पद्धतीनं, मानेपासून. सात. बारा. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. चौथ्या-पाचव्यात ऑपरेशनचा वण. पाचव्या-सहाव्यात चकती, शिरेवर बसलेली, जशीच्या तशी.

त्यांना उठवून बसवलं. त्यांनी विचारलं, "काय निघालं?"

"एजे, ऑपरेशन एक हाड वर झालंय. मणके कुणी मोजले नाहीत. मी मोजले नाहीत. तुम्ही म्हणत होता तिथंच दुखत होतं, अगदी तिथंच." मग जे म्हणायचं होतं ते म्हटलं. "आणि मी तुम्हाला वय झालं म्हटलं. मला माफ करा."

त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि परत बांधली.

"म्हणजे मी नाटक करत नव्हते?"

"नाही, एजे."

"पगारासाठीही नाही?"

"नाही."

बाहेर बाकांवर शनिवारची रांग बसली होती आणि तिच्यासमोर आमचेच लोक: दोन परिचारिका, खिडकीतली मुलगी, रुग्णगाडीचा चालक, आणि पाटीकडं बघत येरझाऱ्या घालणारे तालांत ओस्मोनोविच. पाटीवर चौतिसावं मिनिट चालू होतं.

बुर्मा एजेंनी पाय खाली सोडले आणि दाराकडं बोट केलं.

"ते उघड," त्या म्हणाल्या. "आणि आता परत सांग. जरा मोठ्यानं."